सेलबीची सेफ्टी ‘भारी’ म्हणजे नक्की काय भारी?

मुलुंड_कॉर्नर

मंडळी, टीव्हीवर स्नूकर बघताना पॉटिंग (बॉल पॉकेटात टाकणं) कळतं, पोझिशन कळते, साठचा ब्रेक (एका पाळीत सलग साठ गुण) कसा बांधला जातो तेही समजतं. पण मार्क सेलबी किंवा जॉन हिगिन्ससारख्या प्रोची एखादी फ्रेम (डाव) अडकते, सेफ्टी म्हणजे समोरच्याला सोपा शॉट न ठेवणारे बचावाचे शॉट सुरू होतात, वीस-पंचवीस मिनिटं कोणाचा एक रेड पडत नाही, आणि कॉमेंट्रीवाले तरी दर दुसऱ्या शॉटला वाहवा करतात, तिथे माझी गाडी थांबते. मला दिसतो तो फक्त व्हाइट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉल. वर जातो, खाली येतो.

तर विचारायचं असं, की टॅक्टिकली ग्रेट खेळाडू आणि नुसता चिवट, समोरच्याला रडवणारा खेळाडू यांत फरक काय? शॉट बघताना नजर कुठे ठेवायची? आणि तासाचे पैसे मोजून पार्लरच्या टेबलवर यातलं काय शिकता येतं? ‘अनुभवाने येतं’ हे उत्तर कृपया नको. इंच, आकडे, कारणं असं काहीतरी द्या.

बॉकलाईन_पार्ले

नजरेचं आधी सांगतो. व्हाइट थांबला की लगेच दुसरीकडे बघा, रेड कुठे थांबला तिकडे. बरा खेळाडू सेफ्टीत एक बॉल सांभाळतो, हे लोक दोन सांभाळतात. तुम्हाला दिसत नाहीये तो हाच दुसरा बॉल.

आता व्हाइटबद्दल. टेबलाची खेळायची लांबी ११ फूट साडेआठ इंच, बॉकलाईन, म्हणजे टेबलावरची आडवी रेष, खालच्या कुशनपासून २९ इंचांवर (मधला पट्टा म्हणजे बॉक). नवख्याला वाटतं, व्हाइट लाईनच्या आत आला की सेफ्टी झाली. प्रोच्या लेखी त्या २९ इंचांतले शेवटचे दोन-तीन इंचच कामाचे. व्हाइट कुशनला चिकटला की समोरच्याला बॉलचा वरचा भागच मिळतो. क्यूचा मागचा भाग उचलावा लागतो, स्क्रू (व्हाइट मागे ओढणारी फिरकी) बंद, आणि टिप केसभर बाजूला लागली तरी नको असलेली साईड (आडवी फिरकी) येऊन आठ-नऊ फुटांवरचा रेड चुकतो. तोच व्हाइट कुशनपासून फूटभर सुटला की हात कापडावर नीट बसतो आणि लाँग रेड पडतो. टीव्हीवर दोन्ही शॉट सारखेच दिसतात. मधे दहा इंचांचा फरक. याला लेंथ म्हणतात आणि कॉमेंट्रीवाले वाहवा करतात ती बहुतेक वेळा याचीच.

लेंथ बिघडते कुठे? बॉल जाड-पातळ लागण्यात, म्हणजे व्हाइट रेडचा किती भाग झाकून लागतो त्यात. घर्षण आणि व्हाइटची पुढची लोळण सोडून दिली तर हिशेब साधा आहे. पाव बॉल लागला तर व्हाइटकडे पाऊण वेग उरतो आणि रेड साधारण दोन-तृतीयांश वेगाने निघतो. अर्धा लागला तर व्हाइटकडे निम्मा, रेडकडे ८७ टक्क्यांच्या आसपास. पाऊण बॉल लागला तर व्हाइट पाव वेगाने कसाबसा सरकतो आणि रेड जवळजवळ सगळा वेग घेऊन पळतो. आता बघा, पाव बॉल लावायला गेलात आणि अर्धा लागला, तर व्हाइट टेबलाच्या मधोमध ब्लूच्या आसपास मरतो आणि रेड हवा त्यापेक्षा जोरात पॅकमधून (रेडच्या त्रिकोणी घोळक्यातून) सुटतो. एका चुकीचा दोन ठिकाणी दंड. म्हणून हे लोक शक्य तिथे पातळ लावतात, आणि जिथे पातळ लावण्यात बॉलच चुकण्याचा धोका असतो तिथे सरळ बेत बदलतात: जाड लावून रेड खाली बॉकमध्ये पाठवायचा आणि व्हाइट वर ठेवायचा. अर्धवट काहीतरी लावून ‘बघू काय होतंय’ हा प्रकार त्यांच्याकडे नसतो.

ब्रेक-ऑफवरच, म्हणजे फ्रेमच्या पहिल्या शॉटवरच बघा ना. बॉकलाईनवर डावीकडून ग्रीन, ब्राऊन, यलो असतात; व्हाइट ब्राऊन आणि यलोच्या मधे, उजवी साईड, शेवटच्या ओळीतल्या उजव्या टोकाच्या रेडला पाव बॉल. व्हाइट वरचं कुशन, उजवं कुशन घेऊन ब्लूच्या खालून तिरका येतो, डाव्या कुशनला लागतो आणि ग्रीनच्या मागे बॉक कुशनपाशी थांबतो. जाड लागला तर पॅक फुटतो आणि व्हाइट वाटेत ब्लूवर आपटतो. फार पातळ लागला तर वेग जास्त उरतो, व्हाइट बॉक कुशनवरून उसळून दीड-दोन फूट बाहेर येतो आणि समोरच्याला पहिलाच लाँग रेड मोकळा. ग्रीनच्या मागे ठेवण्याचं कारणही नुसती लांबी नाही. तिथून पॅकची एकच बाजू पातळ लावता येते, दुसरीकडे जायची वाट ग्रीन-ब्राऊन अडवतात. समोरच्याच्या उत्तरांतून एक उत्तर आधीच कमी केलेलं असतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही मला यातच दिसतं. चिवट माणूस स्वतः चूक करायची टाळतो. ग्रेट माणूस समोरच्याला असा शॉट ठेवतो की त्यातली सोपी वाट महाग पडते. कधीकधी तर मुद्दाम एक लाँग रेड दिसेल असा ठेवतात. पडेलही तो, पण पडल्यावर व्हाइटला पुढचा रंग नाही. समोरचा हावरट असला की एक गुण घेतो आणि टेबल देऊन बसतो.

आठाचा_पाढा

वरच्याशी सहमत, पण लेंथ हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा स्कोअरबोर्डवर असतो.

पाढा पाठ करा: फक्त रंग उरले तर २७, एक रेड ३५, दोन ४३, तीन ५१, चार ५९, पाच ६७. खाली २७ (यलो २, ग्रीन ३, ब्राऊन ४, ब्लू ५, पिंक ६, ब्लॅक ७) आणि वर रेडमागे आठ (रेडचा १, त्यानंतरच्या ब्लॅकचे ७). आघाडी या आकड्याच्या पुढे गेली की समोरच्याला नुसत्या पॉटिंगने फ्रेम मिळत नाही, तुमच्या फाउलचे (नियमभंगाचे) गुण लागतात. ६० ने पुढे आणि चार रेड बाकी, म्हणजे एका गुणाने पार. ५९ ने पुढे असाल तर बरोबरी होऊन ब्लॅक पुन्हा स्पॉटवर (त्याच्या ठरलेल्या जागी) येऊ शकतो.

हा पाढा सगळ्यांनाच येतो. फरक असतो तो कोणता बॉल कुठे पडून राहू द्यायचा, या निर्णयात. समजा तुम्ही ३० ने पुढे, चार रेड बाकी, आणि ब्लॅक साइड कुशनला चिकटलेला. कागदावर समोरच्याला ५९ मिळू शकतात. ब्लॅक न घेता रेडमागे पिंकच घेतला तर ५५. फरक चारच गुणांचा, म्हणजे आकड्यात काहीच नाही. पण ब्रेक बांधायची सोय गेली. ब्लॅक स्पॉटवर असला की व्हाइट वरच्या दोन-तीन फुटांत फिरवून रेड काढत राहता येतात. ब्लॅक गेला की प्रत्येक रेडनंतर पिंक-ब्लूसाठी व्हाइट लांब न्यायचा आणि परत आणायचा. चार रेडसाठी हे चार वेळा. एवढ्या फेऱ्यांत कुठेतरी चुकतंच.

म्हणून पुढे असलेल्याने कुशनवरचे बॉल कुशनवरच राहू द्यावेत, आणि मागे असलेल्याने दर सेफ्टीत एखादा तरी बॉल मोकळा करत जावा. सेलबीच्या फ्रेममध्ये ‘काहीच होत नाहीये’ असं वाटतं तेव्हा हेच चाललेलं असतं. सेफ्टी खेळता खेळता एक रेड साइड कुशनला गेला, चार शॉटनी ब्लॅक वरच्या कुशनला टेकला, आणि समोरच्याची ४० ची पिछाडी बघता बघता ७० सारखी जड होते. उलट बाजूने, मागे असलेला कधीकधी अवघड ब्लॅक फक्त स्पॉटवर परत आणण्यासाठी मारतो. सात गुण त्याला महत्त्वाचे नसतात, पुढच्या तीन रेडची सोय हवी असते.

दुसरं म्हणजे सामना किती फ्रेमचा आहे ते बघा. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या मुख्य फेऱ्या १९, २५, २५, ३३ आणि ३५ फ्रेमच्या. २०१४ च्या फायनलला रॉनी ओ’सुलिव्हन १०-५ ने पुढे होता, सेलबीने पहिला दिवस १०-७ वर संपवला आणि १८-१४ ने जिंकला. २०१७ ला हिगिन्स १०-४ ने पुढे, पुन्हा रात्री १०-७, शेवटी सेलबी १८-१५. दोन्ही वेळा पहिल्या दिवसाच्या शेवटच्या त्या दोन-तीन फ्रेम सगळ्यात किमती. नऊ फ्रेमच्या सामन्यात अशी उसंतच मिळत नाही. २०१३ ला दिल्लीत इंडियन ओपनच्या फायनलला आपल्या मुंबईच्या आदित्य मेहताला चीनच्या डिंग जुनहुईने ५-० ने हरवलं, २०१५ ला मुंबईत झालेल्या फायनलला मायकेल व्हाइटने रिकी वॉल्डनला ५-० नेच हरवलं. टॅक्टिकल खेळाडूचा जीव लांब सामन्यात असतो.

लाँगपॉट_लोअरपरळ

सेफ्टीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून उलट बाजू. ज्याला लाँग रेड पडत नाही त्याची सेफ्टी कोणी गांभीर्याने घेत नाही. समोरच्याने व्हाइट कुशनपासून आठ इंच सोडला आणि तुम्ही तो रेड घेणारच नसाल, तर त्याला शेवटच्या दोन इंचांसाठी जिवाचं रान करायची गरज काय? पॉटिंगची धास्ती असते म्हणून तो पातळ लावायला जातो आणि चुकतो.

‘द ग्राइंडर’ म्हणवला जाणारा क्लिफ थॉर्बर्न. क्रूसिबलवरचा (वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या शेफील्डमधल्या सभागृहातला) पहिला १४७, म्हणजे पूर्ण ब्रेक, त्याचाच, १९८३ ला, ग्रिफिथ्सविरुद्धच्या त्या सामन्यात जो पहाटे पावणेचारच्या पुढे संपला. वर्ल्ड फायनलमधला पहिला १४७? सेलबीचा, २०२३. ज्याला लोक कंटाळवाणा म्हणतात त्याचा. आणि ती फायनल तो ब्रेसेलकडून १८-१५ ने हरला, म्हणजे धडाकेबाज खेळाने त्याला पाडता येतं हेही तिथेच दिसलं.

आणि ‘हळू खेळतो म्हणून टॅक्टिकल’ हा गैरसमज काढून टाका. क्रूसिबलवर ८५ मिनिटांची फ्रेम झाली २०२२ ला, सेलबी विरुद्ध यान बिंगताओ. सामना यानने १३-१० ने जिंकला. वेळ काढणं हे काही शस्त्र नाही. पुष्कळदा दोघांनाही वाट सापडत नसते एवढंच. माझ्या मते आजच्या काळातली सगळ्यात हुशार सेफ्टी रॉनीची, आणि तो तर झटपट खेळणाऱ्यांत गणला जातो.

मार्कर_गिरगाव

नियमांची बाजू राहिली. पार्लरमध्ये रेफरी नसतो, मिस (नीट प्रयत्न न करता बॉल चुकवला असा निर्णय) कोणी पुकारत नाही, त्यामुळे स्नूकरमध्ये (मारायचा बॉल दुसऱ्या बॉलआड लपवून) अडकवण्याची खरी किंमत आपल्याला दिसत नाही. कसंही करून बॉल लागला की सुटलो, अशी आपली पद्धत.

प्रो टेबलवर फाउल अँड मिस झाला की सगळं पुन्हा होतं तसं ठेवून तोच शॉट परत खेळायला लावता येतो. प्रत्येक मिसचे किमान चार गुण. पाच वेळा चुकला तर २० गुण, एकही बॉल न पाडता. म्हणून चांगला स्नूकर म्हणजे ज्यातून बॉल लागणं अशक्य, असं नाही. चांगला स्नूकर तो, ज्यात सुटायच्या दोन वाटा असतात: एक सोपी, जाड, एका कुशनवरून, पण लागला की रेड फुटून टेबल मोकळं होतं. दुसरी अवघड, मंद, दोन कुशनवरून, लागली तर व्हाइट पॅकला चिकटून राहतो. समोरचा आधी अवघड वाट धरतो, चुकतो, चार देतो. पुन्हा चुकतो, चार देतो. १२-१६ गुण गेल्यावर नाइलाजाने सोपी वाट धरतो आणि मग ब्रेकही देतो. पंधरा गुण आणि ब्रेक, दोन्ही एका स्नूकरमधून.

यातला अपवाद लक्षात ठेवा. रेड सरळ, पूर्ण बॉल लागेल असा दिसत असताना सलग तीन मिस झाले तर फ्रेमच जाते. दुसऱ्यानंतर रेफरी बजावतो. म्हणून बघाल, दोन मिस झाले की प्रो माणूस पातळ लावायचा नाद सोडतो आणि रेडला जाड लावून मोकळा होतो. अडकवणाऱ्याने हेसुद्धा आधी मोजलेलं असतं: तिसरा शॉट जाड येणार, तेव्हा कुठला रेड सुटेल?

फाउलचे गुण लागतात अशी अवस्था आली की सहसा मिस पुकारत नाहीत. फाउलचे चार मिळतात, पण शॉट परत होत नाही. त्यामुळे फक्त रंग उरलेले असताना ३० ने मागे पडल्यावर स्नूकर टाकण्यापेक्षा फ्रेमच्या सुरुवातीला, दहा रेड असताना टाकलेला स्नूकर जास्त कमाई करून देतो. लोकांना उलटं वाटतं.

छोट्या दोन गोष्टी. टचिंग बॉल, म्हणजे व्हाइट रेडला चिकटून थांबलेला असेल, तर त्या रेडला लागल्याचंच धरतात, फक्त तो न हलवता व्हाइट दुसरीकडे न्यायचा. म्हणजे फुकटची सेफ्टी, कुठेही न्या. आणि फाउलनंतर ‘तूच खेळ’ म्हणायचा हक्क. नवखा माणूस फाउल झाला की स्वतःच टेबलवर जातो. हिगिन्ससारखा आधी बघतो, हा शॉट मला नकोसा आहे का? मग त्यालाही नकोसाच असणार. खेळ म्हणा.

मुलुंड_कॉर्नर

जबरदस्त. पाढा पाठ झाला. आता एक ठोस पोझिशन देतो, त्यावर सांगा.

मी ३१ ने पुढे. दोन रेड बाकी. एक डाव्या कुशनला चिकटलेला, ब्लू आणि पिंकच्या मधल्या उंचीवर. दुसरा मोकळा, ब्लॅक स्पॉटच्या जवळ, वरच्या उजव्या पॉकेटात जातोय. ब्लॅक वरच्या कुशनला टेकलेला. बाकी रंग स्पॉटवर. व्हाइट बॉकमध्ये, शॉट माझा. मारायचा की सेफ्टी? मला वाटतं ३१ पुरेसे आहेत, कशाला धोका घ्या.

आठाचा_पाढा

३१ पुरेसे नाहीत. टेबलावर ४३ आहेत. ब्लॅक बाजूला ठेवला तरी दोन रेड, दोन पिंक म्हणजे १४, आणि यलोपासून पिंकपर्यंत २०. झाले ३४. म्हणजे ब्लॅकला हात न लावता समोरचा तीनने पुढे जातो आणि ब्लॅक अजून टेबलावरच.

आता तो मोकळा रेड पडला असं धरा. तुम्ही ३२ ने पुढे, वर एक रंग. यलो घेतलात तर ३४, टेबलावर ३५, तो अजून जिवंत. ग्रीन घेतलात तर ३५ ला ३५, बरोबरी शक्य. ब्राऊन घेतलात तर ३६. संपलं, आता त्याला फाउल लागतो. म्हणजे बॉकमधल्या तीन रंगांत तुमच्या कामाचा एकच, आणि हे रेड मारायच्या आधी माहीत हवं, कारण व्हाइट कुठे थांबवायचा ते त्यावर ठरतं.

ब्राऊन पडण्यासारखा नसेल तरी चिंता नाही. ब्राऊन म्हणून पुकारा, हळूच टेकवा आणि व्हाइट त्याच्या आड ठेवा. डाव्या कुशनवरचा शेवटचा रेड त्याला दिसत नाही, ३२ ने मागे आहे, आणि रेडसोबत किमान ब्लू घेऊन पुढचं सगळं टेबल काढल्याशिवाय तो सरळ जिंकत नाही.

डाव्या कुशनवरच्या रेडला मात्र आत्ता हात लावू नका. तो तुमचा पहारेकरी आहे. पण ३६ झाले की गणित उलटतं, मग तो रेड लवकर जायला हवा. तो राहिला तर त्याला एक फाउल आणि फ्री बॉल (फाउलनंतर अडकलेला असल्यास दुसरा बॉल रेड म्हणून मारायची मुभा) मिळाला की ३२ ची पिछाडी, आणि फ्री बॉलचे १ अधिक ७ धरून ४३ पर्यंत मिळू शकतात. तोच रेड तुम्ही काढलात तर ३७ ने पुढे आणि टेबलावर फक्त २७. चारचे दोन फाउल मिळाले तरी तो २९ ने मागेच. तिसरा लागतो.

लाँगपॉट_लोअरपरळ

थोडक्यात, मारा. इतका हिशेब करूनही उत्तर पॉटच आलं ना.

बॉकलाईन_पार्ले

घाई नको. अँगल सांगितलाच नाही त्यांनी. रेडला अर्ध्या बॉलच्या आसपास अँगल असेल तर हा अस्सल ‘शॉट टू नथिंग’. व्हाइट वरच्या आणि बाजूच्या कुशनवरून आपोआप खाली बॉकमध्ये येतो, पडला तर ब्राऊनजवळ, नाही पडला तर समोरचा बॉकमध्ये. तेव्हा मारा. पण रेड सरळ असेल तर व्हाइट परत आणायला आठ-नऊ फुटांवरून डीप स्क्रू लागेल. तो फसला की व्हाइट वरच राहतो, रेड पॉकेटाच्या तोंडाशी, आणि पिंक स्पॉटवर आहेच. तेव्हा पातळ लावून परत या, व्हाइट बॉक कुशनला, रेड चार-सहा इंच हलला तर हलू द्या.

अँगल असतानाही एक धोका आहे. व्हाइटला परत येण्यापुरताच वेग ठेवून मारलं आणि रेड जबड्यात अडखळला, तर तो तोंडाशीच बसून राहतो. थोडा जोर ठेवला तर चुकलेला रेड निदान पॉकेटापासून दूर उसळतो. म्हणून प्रो लोक हा शॉट दिसायला गरजेपेक्षा जोरात मारतात. व्हाइट बॉक कुशनला लागून थोडा वर येतो तेवढं ते सहन करतात.

नॅप_दादर

पार्लरच्या टेबलबद्दल कोणी बोललं नाही. वरची सगळी मापं टीव्हीवरच्या टेबलची. तिथे स्लेटखाली हीटर असतो, कापड पातळ आणि कोरडं, त्यामुळे वेग दिवसभर जवळपास सारखा. आपल्याकडे जुलैत कापड ओल धरतं, कुशन जड होतात, आणि तोच शॉट बॉक कुशनच्या फूट-दीड फूट अलीकडे मरतो. मग माणूस जोर वाढवतो, जोर वाढवला की पातळ लावण्याची अचूकता जाते. एसी दुपारी बंद आणि संध्याकाळी चालू असेल तर एकाच टेबलचे दोन वेग मिळतात. फ्रेमआधी दोन शॉट यासाठी खर्च करा: व्हाइट बॉकलाईनवरून वर मारून परत कुठवर येतो ते बघा, एकदा मंद, एकदा मध्यम. तेवढ्यावर त्या दिवसाचा हात ठरवा.

दुसरं म्हणजे नॅप. कापडाचे केस बॉककडून ब्लॅककडे झोपलेले असतात, ब्रशही त्याच दिशेने मारायचा. वरून खाली, ब्राऊनच्या मागे हळूच सरकवायचा शॉट केसांच्या उलट जातो, आणि शेवटच्या फूटभरात वेग मेला की व्हाइट सरळ रेषा सोडतो. ब्राऊनला टेकवायला जाता आणि इंचभराने हुकता ते यामुळे. लोक क्यूला दोष देतात. किंचित वेग वाढवा आणि ब्राऊनला अगदी कडेला न लावता जरा जाड धरा.

सरावासाठी ए-फोर कागद उभा अर्धा दुमडा. साडेदहा सेंटीमीटर, म्हणजे सुमारे चार इंचांची पट्टी. ती बॉक कुशनला लावून ठेवायची. वरच्या कुशनपासून सहा इंचांवर एक रेड, व्हाइट डीमध्ये (बॉकलाईनवरच्या अर्धवर्तुळात). पातळ लावून परत आणायचा, वीस वेळा. पट्टीत किती आले ते एका रकान्यात लिहायचं आणि रेड पॉकेटासमोर किती वेळा राहिला ते दुसऱ्यात. पहिला रकाना सगळे मोजतात. दुसरा मोजला की पार्लेकरांचा ‘दोन बॉल’ मुद्दा दहा मिनिटांत पटतो.

जोडीदार असेल तर सहा रेड ठेवा, ब्लॅक साइड कुशनला चिकटवा आणि एकाला ३० ची आघाडी द्या. टेबलावर ७५. मग बाजू बदला. पुढे असताना काय करायचं ते सगळ्यांना सुचतं. मागे असताना कुशनवरचा बॉल सेफ्टी न सोडता कसा बाहेर काढायचा, याचा सराव कोणी करत नाही.

मुलुंड_कॉर्नर

आजच करतो. फक्त टेबलावर कागद ठेवला तर मार्कर (टेबल सांभाळणारा) ओरडेल का?

मार्कर_गिरगाव

ओरडेल, आणि बरोबरच आहे. शिवाय व्हाइट कागदाच्या कडेला अडखळतो, मग लेंथ कशाची मोजणार? चिकटपट्टी तर अजिबात नको, कापडाचे केस निघतात. खडूने खूणही नको.

साइडच्या लाकडावर बॉक कुशनपासून चार इंच सोडून एक चॉक डावीकडे ठेवा, एक उजवीकडे. डोळ्यांनी मधली रेष ओढा, व्हाइट तिच्या अलीकडे की पलीकडे ते लगेच कळतं. फक्त टिपला लावायला तिसरा चॉक खिशात ठेवा, नाहीतर पाचव्या शॉटला रेष सहा इंचांवर गेलेली असते.